आईवडिलांसोबत मोटरसायकलवरून लांबचा प्रवास: थांबायचे कधी, हे कोणी ठरवायचे?

लांबपल्ला

वडिलांनी सत्तरी गाठली आहे आणि येत्या हंगामात त्यांना मागे बसवून आठ-दहा दिवसांचा मोटरसायकल प्रवास करावा असे आमच्या घरात घाटते आहे. निम्मा रस्ता सपाटीचा आहे, उरलेला डोंगरातला आणि शेवटी अडीच हजार मीटरच्या वर जाणारा आहे. कल्पना त्यांचीच आहे. तरुणपणी त्यांनी स्वतः भरपूर मोटरसायकल चालवली. या वेळी चालवायची मी आणि बसायचे त्यांनी, हेही त्यांनीच ठरवून टाकले.

या विषयावर कोणाशीही बोलायला गेले की पहिला प्रश्न येतो तो गाडी कोणती, इंजिन किती सीसीचे आणि सीट कशी आहे. माझ्या मते हे सारे नंतरचे आहे. पहिला प्रश्न असा की वाटेत थांबायचे कधी, हे ठरवणार कोण? एकटा चालवणारा माणूस थकला की आपोआप थांबतो, कारण दुखणारी पाठही त्याचीच असते आणि ब्रेकवरचा हातही त्याचाच असतो. मागे मित्र बसला असेल तर तो खांद्यावर थाप मारून, प्रसंगी दोन शब्द सुनावून गाडी थांबवायला लावतो. आईवडील तसे करत नाहीत. 'मी ठीक आहे, चल पुढे' हे उत्तर त्यांच्या ओठांवर तयारच असते आणि हेल्मेटच्या काचेमुळे त्यांचा चेहरा आपल्याला दिसत नसतो.

सरावासाठी काढलेल्या एका फेरीत मी गाडी थांबवली तेव्हा वडील उतरले, पण चालायला लागले नाहीत. एक हात सीटवर ठेवून ते हातमोज्याची पट्टी उघडत आणि पुन्हा चिकटवत उभे राहिले. पट्टीला काहीही झालेले नव्हते. गुडघ्यांत जोर येईपर्यंतचा वेळ ते काढत होते. 'काय झाले' असे विचारल्यावर 'काही नाही, सैल वाटली' एवढेच उत्तर आले. विचारून थांबण्यात अर्थ नाही, घड्याळ बघून थांबले पाहिजे, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे. दर पाऊण तासाने थांबायचे, कोणी थकलेले असो वा नसो. दिवसाकाठी दोनशे किलोमीटरच्या वर जायचे नाही आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचायचे, असे मी ठरवले आहे.

आईवडिलांना घेऊन असा प्रवास केलेल्यांचे, आणि शक्य असल्यास मागे बसलेल्या आईवडिलांचेही, अनुभव वाचायला आवडतील. गाडीची तयारी, औषधे आणि उंचीवरचा भाग यांविषयी नेमके मार्गदर्शन हवे आहे.

पाना-पक्कड

गाडी नंतर येते हे मान्य आहे, पण तिचे गणित मात्र आधीच मांडून ठेवा. गाडीच्या पुस्तिकेत एकूण किती भार चालतो ते दिलेले असते आणि त्यात चालवणारा, मागे बसणारा व सामान हे सारे धरलेले असते. अनेक मोटरसायकलींची ही मर्यादा दीडशे ते दोनशे किलोच्या आसपास असते. तुम्ही ७५ किलोचे, वडील ६८ किलोचे आणि दोघांची हेल्मेट, जाकिटे, बूट मिळून १० किलो धरले तर १५३ किलो तिथेच झाले. मग सामानाला उरते ते फार थोडे, आणि लोक नेमके तेच टॉप बॉक्समध्ये कोंबतात. तो बॉक्स मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर असल्यामुळे तिथला एकेक किलो पुढचे चाक हलके करत जातो. पुष्कळ टॉप बॉक्सची स्वतःची मर्यादा पाच-सात किलोच असते आणि ती बॉक्सच्या आत लहान अक्षरांत लिहिलेली असते. जड सामान खाली, बाजूच्या पेट्यांत आणि शक्य तितके पुढे ठेवा.

दुसरी गोष्ट धक्क्यांची. चालवणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो, तर मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो. त्यामुळे चाक उसळले की त्याचा पुरा हिसका त्याच्या मणक्याला बसतो. शिवाय खड्डा तुम्हाला दिसतो आणि तुम्ही नकळत सावरून घेता. तुमच्या पाठीआड बसलेल्या माणसाला तो दिसतच नाही. वाढत्या वयात हाडे ठिसूळ झालेली असतील, तर असा एखादा बेसावध हिसकाही मणका दबायला पुरेसा होऊ शकतो. म्हणून खड्डा किंवा गतिरोधक आला की 'खड्डा' असा मोठ्याने पुकारा करायचा आणि त्यांनी फूटरेस्टवर पाय रोवून अंग किंचित उचलायचे, ही सवय निघण्यापूर्वीच लावून घ्या. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, दोन माणसांसाठी वाढवा. टायरमधील हवा कंपनीने दोघांसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे आणि टायर थंड असताना भरा. तो आकडा बहुधा चेनच्या आवरणावर किंवा मागच्या दांड्यावरच्या स्टिकरवर असतो. हे सगळे झाल्यावर हेडलाइट तपासा, कारण मागे भार पडला की प्रकाशाचा झोत वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

चालवण्याविषयी एकच सांगतो. गिअर बदलताना किंवा ब्रेक लावताना मागच्याचे हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटून 'टक्' असा आवाज आला, तर ती चूक तुमची समजा. दोघे बसलेले असताना मागच्या टायरची पकड वाढलेली असते, त्यामुळे एकट्याने चालवताना फारसा उपयोगी न पडणारा मागचा ब्रेक आता चांगले काम देतो. तो आधी हलका लावून गाडी बसू द्यावी आणि मग पुढचा ब्रेक वाढवत न्यावा, म्हणजे वडिलांना मांड्या आवळून स्वतःला मागे धरून ठेवावे लागत नाही. दिवसाअखेर त्यांच्या मनगटांचा आणि मांड्यांचा जो थकवा असतो, त्यातला बराचसा रस्त्यामुळे आलेला नसतो, पुढच्याच्या ब्रेक लावण्यामुळे आलेला असतो.

रात्रपाळी

मी वृद्धांच्या वॉर्डात काम करते, म्हणून औषधांविषयी आणि शरीराविषयी थोडे सविस्तर लिहिते. कोणतेही औषध कमी-जास्त करण्याचा निर्णय मात्र त्यांच्या डॉक्टरांचाच असावा.

प्रवासातील वृद्धांची सर्वांत मोठी अडचण सहसा कोणी बोलून दाखवत नाही, आणि ती म्हणजे लघवीला जाण्याची. वाटेत सोय होईल की नाही या काळजीने ते सकाळपासून पाणी पिणे कमी करतात, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती त्या दिवशी गुपचूप टाळतात. वय वाढले की तहान तशीही कमी लागते. मोटरसायकलवर तर वाऱ्याने घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले हे अंगावर दिसतही नाही. दुपारी उतरल्यावर चक्कर येते आणि सगळे जण ऊन बाधले असे म्हणतात. यावर उपाय दोन आहेत. गोळी दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यावी हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि प्रत्येक थांबा स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणीच घेतला जाईल असे आईवडिलांना आधीच, स्पष्ट शब्दांत सांगावे. हा शब्द मिळाला की ते पाणी पितात.

उन्हाचेही एक गणित आहे. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की वारा अंग थंड करण्याऐवजी तापवू लागतो, आणि मग जाळीचे जाकीट घालून भरधाव जाण्याने दिलासा मिळत नाही, शरीरातील पाणी मात्र झपाट्याने जाते. अशा वेळी जाकिटाच्या हवेच्या झडपा बंद करून आतला सदरा ओला ठेवणे अधिक उपयोगी पडते आणि भर दुपारी न चालवणे त्याहून अधिक. थंडीत याच्या उलट होते. हवा १० अंशांवर असताना ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ती सुमारे ४ अंशांसारखी बोचते, आणि ५ अंशांवर असेल तर शून्याच्याही खाली. मागे बसणारा माणूस हालचाल करत नसल्यामुळे आधी तोच गारठतो. तो थरथरत असेल तर ते निदान कळते. पण गप्प झाला असेल, शब्द अडखळत असतील किंवा हेल्मेटचा पट्टा त्याला सोडता येत नसेल, तर तिथेच थांबून त्याला ऊब द्यायला हवी.

धागाकर्त्यांनी ठरवलेल्या पाऊण तासाच्या थांब्याला वैद्यकीय आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि हे विमानाइतकेच मोटार, बस व रेल्वे यांनाही लागू आहे. एकूण धोका लहानच असतो, सहा हजारांत एक या पातळीचा, पण ज्यांना आधी गुठळी झाली आहे किंवा नुकतीच गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी तो लहान राहत नाही. थांबल्यावर बाकावर बसू नये. पाच-सात मिनिटे चालावे.

रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डोक्याला बसलेला कोणताही मार, अगदी उभ्या गाडीवरून कलंडून लागलेला असला तरी, रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावा, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी प्रकट होऊ शकतो. मधुमेह असेल तर वापरात असलेले इन्सुलिन साधारण ३० अंशांच्या खाली राहिले पाहिजे, म्हणून ते सायलेन्सरच्या बाजूच्या पेटीत ठेवू नये आणि बर्फाला टेकवूनही ठेवू नये. साखर ७० च्या खाली गेली की एरवी छातीत धडधड होते आणि हात थरथरतात. पण बीटा ब्लॉकर प्रकारातील (रक्तदाब व हृदयासाठीच्या) गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही लक्षणे झाकली जातात आणि फक्त घाम व गोंधळलेपणा उरतो. पाठीमागच्या माणसाचा गोंधळलेपणा तुम्हाला दिसणार नाही, म्हणून थांब्यावर साखर मोजलेली बरी.

उंचीबद्दल असे की वय जास्त आहे म्हणून विरळ हवेचा त्रास जास्त होतो, असे नाही. हृदय आणि फुप्फुसे कशी आहेत याला महत्त्व आहे. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे अशी लक्षणे दिसू शकतात. तीन हजारांच्या पुढे जाणार असाल तर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच राहावे. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे.

मागची सीट

धागाकर्त्यांनी मागे बसणाऱ्यांना बोलावले आहे, म्हणून लिहिते. मी मुलीच्या मागे बसून लांबचे प्रवास केले आहेत आणि माझे वय तुमच्या वडिलांच्या आसपास आहे.

आम्ही 'थांब' का म्हणत नाही, याचा अर्थ तुम्ही कदाचित त्याग असा लावाल. त्यात तथ्य आहे, पण पुरते नाही. खरी भीती वेगळी असते: एकदा 'दमले' म्हटले, की पुढच्या वेळी आपल्याला नेणार नाहीत. घरात हळूहळू बऱ्याच गोष्टी आमच्या हातून काढून घेतल्या जातात, त्याही काळजीपोटी आणि प्रेमाने. त्या यादीत आणखी एक भर पडू नये म्हणून आम्ही हातमोज्याची पट्टी नीट करत उभे राहतो. तुमच्या वडिलांचा तो प्रसंग वाचताना मला हसू आले, कारण माझ्याकडे पट्टीच्या जागी चष्म्याची काच पुसणे असते.

म्हणूनच घड्याळाचा नियम मला अर्धाच पटला. विचारणे बंद केले हे चांगले झाले. पण दर पाऊण तासाने मला उतरवून, पाणी पाजून आणि चालवून पुन्हा बसवणार असाल, तर मी प्रवासी नसून सामान झाले. त्यापेक्षा थांब्याचे काम आमच्याकडे सोपवा. आमच्यात नकाशा माझ्याकडे असतो. पुढच्या टप्प्यात कुठे थांबता येईल, तिथे सावली आहे का, स्वच्छतागृह आहे का, हे आदल्या रात्री मी पाहून ठेवते, आणि पाऊण ते एक तासाच्या आत कुठेतरी थांबले पाहिजे एवढीच मर्यादा दोघींनी मानलेली आहे. ठिकाण मी सांगते, गाडी ती थांबवते. त्यामुळे 'दमले' असे कबूल करण्याची वेळच माझ्यावर येत नाही. थांबणे हे माझे काम असते आणि मी ते चोख करते.

दोन व्यावहारिक गोष्टी. मागे टॉप बॉक्स असला की टेकायला आधार मिळतो हे खरे, पण पाय मागून फिरवून बसता येत नाही. गुडघा छातीकडे ओढून तो सीटवरून पलीकडे सरकवावा लागतो आणि दुखऱ्या गुडघ्याला नेमके तेच जमत नाही. म्हणून बॉक्स बसवून घेण्यापूर्वी त्यांना चढून-उतरून पाहू द्या. फूटरेस्ट थोडे खाली घेण्याचे जोड मिळतात, त्यांनी गुडघ्याचा कोन बराच सुसह्य होतो. चढताना पदपथाच्या कडेला गाडी लावली की अर्धी उंची तिथेच कमी होते. चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून आणि पुढचा ब्रेक धरून 'या' म्हटल्याशिवाय मागच्याने फूटरेस्टवर पाय ठेवू नये. साइड स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीवर दोघांनी चढणे हा तर स्टँडवर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट चष्म्याची. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिले की फूटरेस्ट धूसर दिसते, कारण खालचा भाग वाचनासाठी असतो. उतरताना मी ठेचकाळते ती पाय अधू आहेत म्हणून नाही, त्या भिंगामुळे. प्रवासासाठी दूरच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घेतला आणि तो त्रास संपला.

लांबपल्ला

@मागची सीट, आपला प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी काहीही मत दिले नाही, पण तासाभराने येऊन नकाशा मागितला. थांब्यांचे काम त्यांच्याकडे गेले आहे. त्यांनी लगेच माझे दोनशे किलोमीटर खोडून डोंगरातल्या टप्प्यांसाठी १२० केले, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथे अंतर मोजायचे नसते, वळणे मोजायची असतात. नियमाचा उद्देश तोच राहिला आणि त्याचा मालक बदलला, हे मला मान्य आहे.

@रात्रपाळी, गोळीबद्दल विचारले असता वडील आधी इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलू लागले. आपला अंदाज अचूक होता. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

दोन गाड्या

आमच्याकडे वडील स्वतःची गाडी चालवतात, म्हणून त्या बाजूने लिहितो. अशा प्रवासात पुढे कोणी राहायचे यावर बरेच वाद होतात. माझ्या मते वडिलांनीच पुढे राहावे. मागून येणारा माणूस पुढच्याचा वेग गाठण्याच्या नादात आपल्या क्षमतेबाहेर जातो, आणि मुलाच्या मागे राहायचे नाही ही ईर्ष्या सत्तरीतही शाबूत असते. ते पुढे असले की वेग त्यांचा राहतो, आणि त्यांचे वळण घेणे, इंडिकेटर चालू राहणे, मार्गिकेत भरकटणे हे सगळे मला मागून दिसते. थकवा बोलण्यातून कळण्याच्या कितीतरी आधी इंडिकेटरमधून कळतो.

अंधाराविषयी मात्र तडजोड नको. वयानुसार बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. समोरच्या दिव्याने डोळे दिपल्यावर पूर्ववत व्हायलाही अधिक वेळ लागतो. मानही पूर्वीइतकी वळत नसल्याने आरशातून न दिसणारा भाग वाढतो. बहिर्वक्र काचेचे लहान आरसे लावून तो काही प्रमाणात भरून काढता येतो.

कागदपत्रांत एक जागा हमखास राहून जाते. वाटेत वडिलांनी थोडा वेळ तुमची गाडी चालवावी असा विचार असेल, तर त्यांचा परवाना चालू आहे का आणि विम्यात दुसऱ्या चालकाला मुभा आहे का, हे आधी पाहा. मागे बसणाऱ्याचा अपघात विमा अनेकदा वेगळा घ्यावा लागतो. प्रवास विम्यात तर ठरावीक सीसीच्या वरच्या मोटरसायकली आणि ठरावीक वयाच्या वरची माणसे वगळण्याचे कलम बऱ्याचदा आढळते. सीमा ओलांडणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवान्यावर मोटरसायकलचा वर्ग नोंदलेला असला पाहिजे. केवळ मोटारीचा असून चालत नाही.

जुनी छायाचित्रे

विषय निघालाच आहे, तर एफी हॉचकिस आणि तिची आई एव्हिस यांची आठवण करून देतो. १९१५ साली या मायलेकी साइडकार (बाजूला जोडलेली एका चाकाची बैठक) असलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलवरून न्यू यॉर्कहून निघून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचल्या आणि त्याच गाडीने परतल्या. जाऊन-येऊन सुमारे ९ हजार मैल. चालवायची मुलगी आणि सामानासह साइडकारमध्ये बसायची आई. वाटेत टायरच्या ट्यूब संपल्या, तेव्हा एफीने ब्लँकेट कापून, गुंडाळून टायरमध्ये भरले आणि गाडी पुढे काढली. त्या काळचे बरेचसे रस्ते मातीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे एव्हिसबाईंच्या सहनशक्तीची कल्पना येते.

आजही ज्यांच्या आईवडिलांना पाय फिरवून बसणे शक्य नाही, त्यांनी साइडकारचा विचार अवश्य करावा, पण ती मोटरसायकलसारखी चालत नाही हे ध्यानात ठेवून. ती वळणात कलत नाही. वेग वाढवला की गाडी साइडकारच्या बाजूला ओढली जाते आणि ब्रेक लावला की, साइडकारला स्वतःचा ब्रेक नसेल तर, विरुद्ध बाजूला. साइडकारच्या दिशेने वेगात वळले तर तिचे चाक उचलले जाते, आणि तिथे बसलेल्या माणसाच्या वजनाने ते थोडेफार दबून राहते. रिकाम्या साइडकारवर सराव करायचा असेल तर आधी तिच्यात वाळूची पोती भरा.

कानोसा

एक छोटा प्रश्न. आईला श्रवणयंत्र आहे. हेल्मेट घातले की ते शिट्टी वाजवल्यासारखा आवाज करते. अशा स्थितीत इंटरकॉमचा उपयोग होईल का?

रात्रपाळी

@कानोसा, यंत्रातून निघालेला आवाज हेल्मेटच्या अस्तरावर आपटून पुन्हा यंत्रातच शिरतो, म्हणून ती शिट्टी येते. कानामागचे यंत्र अस्तराने दाबलेही जाते, त्यामुळे बहुतेकांना ते काढूनच हेल्मेट घालावे लागते. इंटरकॉमचे स्पीकर कानाच्या अगदी समोर बसवून आवाज वाढवता येतो, पण वाऱ्याचा गोंगाट आधीच पुष्कळ असतो. वेगाने जाताना हेल्मेटच्या आत तो ८५ डेसिबलच्या सहज वर जातो आणि त्या पातळीच्या पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित काळ निम्म्याने घटतो. म्हणून शब्दांवर विसंबू नका, खुणा ठरवा. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे सोय पाहून थांब आणि सलग थापा म्हणजे आहे तिथे थांब, एवढे पुरते.

मागची सीट

इंटरकॉम आमच्याकडेही आहे आणि तो बहुतेक वेळ बंद असतो. माझ्या मुलीला सुरुवातीला वाटायचे की दिवसभर गप्पा होतील. मला मात्र मागे बसून कोणीही काहीही न विचारता चार तास बघत राहायला मिळते, हेच अधिक आवडते. तेव्हा खुणा शिकवाच, पण बोलत ठेवण्याचा आग्रह धरू नका.

दोन गाड्या

@लांबपल्ला, नकाशा वडिलांकडे गेलाच आहे तर त्यांना आणखी एक काम द्या. ज्या ठिकाणांहून रेल्वेने किंवा बसने घरी परतता येईल, अशा जागा नकाशावर खुणेने दाखवायला सांगा, आणि तिथे पोहोचल्यावर पुढे जायचे की नाही हे दोघांनी नव्याने ठरवायचे असे आताच बोलून ठेवा. वाटेत प्रकृती बिघडल्यावर हा विषय काढला तर तो पराभव वाटतो. निघण्यापूर्वी काढला तर ते नियोजन असते. आमचे वडील एकदा असेच मधल्या ठिकाणाहून रेल्वेने परतले, मी गाडी घेऊन मागाहून आलो आणि तरीही तो प्रवास अर्धवट राहिला असे आम्हा दोघांपैकी कोणीही म्हणत नाही.

लांबपल्ला

ही सूचना वडिलांपुढे मांडली. त्यांना ती मान्य आहे, फक्त त्यांनी एक अट घातली: परतायची पाळी माझ्यावरही येऊ शकते, तेव्हा गाडी घरी कोण आणणार हेही लिहून ठेवावे. त्यासाठी आता ते आपल्या परवान्याची मुदत तपासत आहेत. टॉप बॉक्स आम्ही काढून टाकला आहे आणि त्याऐवजी मागच्या सीटला पाठटेकण बसवतो आहोत. मात्र ते काढता-घालता येईल असे हवे, म्हणजे चढताना पायाआड येणार नाही. असे पाठटेकण कोणी वापरले असेल तर त्याची पकड खराब रस्त्यावर टिकते का, ते कृपया कळवावे.

पाना-पक्कड

खिळवून बसवलेले टिकते, खटक्याचे सैल होत जाते. काढता-घालता येणारेच हवे असेल तर ते सीटला न जोडता मागच्या कॅरिअरच्या चौकटीला बोल्टने जोडा, बोल्टला आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे नट वापरा आणि पहिल्या दिवसाच्या मुक्कामावर ते न विसरता पुन्हा आवळा. वडिलांनी त्यावर पूर्ण भार टाकून रेलू नये, तोल मागे गेल्यावर अडवण्यापुरताच त्याचा आधार घ्यावा. प्रीलोड आणि हेडलाइट पाहायचे ते वडील व सामान दोन्ही गाडीवर असतानाच पाहा, रिकाम्या गाडीवर नको.